तलवार कोणाची ?



दसऱ्याच्या दिवशीं आपल्या वरठीच्या आसपासच्या खेड्यांतून शस्त्रपूजा होते, ती तुम्हीं पाहिली असेल. कोठें विळा, कोठें कुऱ्हाड, कोठें नांगराचा फाळ पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलें जातें. आणि एखाद्या जुन्या घरांत या सर्वांच्या मध्यभागीं एक गंजलेली तलवार असते. ती कोणाची, असें विचारलें तर बहुधा "वाडवडिलांची" एवढेंच उत्तर मिळतें. ते वडील कोणते, ते कोणाच्या चाकरींत होते, कोणत्या स्वारींत गेले होते, हें सांगणारा माणूस त्या घरांत आतां उरलेला नसतो. तलवार राहिली, पण तिचा धनी हरवला. जुन्या सेनाधिकाऱ्यांच्या तलवारी जमविणारे व अभ्यासणारे लोक तलवारीचा असा हरवलेला धनी कसा शोधून काढतात, आणि तो सांपडल्यावर त्या लोखंडाला कोणती किंमत येते, हें आज तुम्हांस सांगावें असा माझा विचार आहे.

पण प्रथम एक कबुली दिली पाहिजे, कारण हा विषय मी माझ्या एका चुकीमुळें शिकलों.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं नुकताच शिक्षक म्हणून लागलों होतों. शाळेंत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरवावयाचें ठरलें. आठव्या इयत्तेंतील एका मुलानें आपल्या घरची तलवार फडक्यांत गुंडाळून आणली. पातें काळवंडलेलें होतें, आणि त्याच्या पाठीवर, मुठीपासून वीतभर अंतरापर्यंत, कांहीं पिवळसर रेघा दिसत होत्या. मला तो गंजच वाटला. पाहुणे यावयाचे, तेव्हां वस्तु स्वच्छ दिसली पाहिजे, एवढाच विचार माझ्या मनांत होता. मीं काचकागद आणि विटेचा भुगा आणून दिला. चार मुलांनीं दोन तास खपून ती तलवार आरशासारखी लखलखीत केली, आणि मीं त्यांना शाबासकीहि दिली.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे आजोबा प्रदर्शन पाहावयास आले. त्यांनीं तलवार हातांत घेतली, उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरविला, आणि अगदीं हळूं आवाजांत म्हणाले, "गुर्जी, इच्यावर नांव होतं जी. तें कुठं गेलं ?"

मला उत्तर सुचेना. मग तेच पुढें म्हणाले, "मले वाचता येत नाही जी. माह्या बापालेही येत नव्हतं. गुर्जी वाचून देतीन, म्हणून पोराजवळ पाठवली होती."

तीं अक्षरें सोन्याच्या तारेचीं होतीं. चार पिढ्या तीं वाचणाऱ्या माणसाची वाट पाहत राहिलीं, आणि वाचूं शकणारा माणूस भेटला तेव्हां त्यानेंच तीं पुसून टाकलीं. त्या म्हाताऱ्यानें मला एकहि कठोर शब्द ऐकविला नाहीं. तलवार पुन्हां फडक्यांत गुंडाळून ते निघून गेले. त्या दिवसापासून मी या विषयाचीं पुस्तकें शोधूं लागलों. आज जें सांगणार आहें, तें त्या वेळीं मला ठाऊक असतें तर किती बरें झालें असतें !

न्यायालयांत साक्षीवांचून निकाल होत नाहीं. त्याचप्रमाणें तलवार अमक्याची असें म्हणावयास साक्षी लागतात. अशा साक्षी तीन. पहिली साक्ष तलवारीच्या अंगावरची : कोरलेलें नांव, राजचिन्ह, कारागिराचा शिक्का, अनुक्रमांक. दुसरी साक्ष कागदाची : पत्र, मृत्युपत्र, लष्करांतील अधिकाऱ्यांची यादी, कारखान्याची वही, लिलावाची पावती. तिसरी साक्ष हातांची : ही वस्तु कोणाकडून कोणाकडे आली, याची न तुटलेली सांखळी. तिन्ही साक्षी जुळल्या तर गोष्ट पक्की. दोन जुळल्या तर ती बहुतेक खरी. एकच असली तर ती तपासून घ्यावी. आणि एकहि नसतां नुसतें मोठें नांव चिकटविलेलें असेल, तर तें नांव विकणाऱ्याच्या उपयोगाचें, शिकणाऱ्याच्या नव्हे.

आतां या तीन साक्षी प्रत्यक्ष कशा लावावयाच्या, तें पाहूं. त्यासाठीं आपल्याच मुलखाचें उदाहरण घेतों.

आपला भंडारा जिल्हा पूर्वीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. तुमसर तालुक्यांतील अंबागड किल्ला तुमच्यांपैकीं कित्येकांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिला असेल. तो देवगडच्या गोंड राजाच्या अमदानींत बांधला गेला, आणि पुढें भोसल्यांकडे येऊन त्यांच्या कैद्यांसाठीं उपयोगांत आला. या भोसले घराण्याच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनीं त्यांना 'सेनासाहेब सुभा' ही पदवी दिली होती. सन १७४१ मध्यें त्यांनीं दक्षिणेंत त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें. त्यानंतर त्यांच्या फौजा पूर्वेकडे वळल्या, आणि सन १७५१ च्या तहानें बंगालच्या नबाबानें वर्षाला बारा लक्ष रुपये चौथाई देण्याचें कबूल केलें. ओरिसाहि भोसल्यांच्या ताब्यांत आला. सन १७५५ मध्यें रघूजी निवर्तले.

या रघूजींच्या नांवाची एक तलवार लंडन शहरीं सोदबी या लिलावगृहांत २९ एप्रिल २०२५ रोजीं विक्रीस निघाली. महाराष्ट्र राज्य सरकारनें एका मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक, विमा वगैरे सर्व खर्च धरून तिला सुमारें ४७ लाख १५ हजार रुपये लागले. त्याच वर्षीं १८ ऑगस्ट रोजीं ती मुंबईस येऊन पोहोंचली, आणि लोकांस पाहावयास ठेवण्यांत आली.

आतां या तलवारीला आपले तीन प्रश्न विचारूं.

तिच्या अंगावर काय आहे ? पातें सरळ व एकधारी असून तें युरोपांत घडविलेलें आहे. अशीं पातीं त्या काळीं समुद्रमार्गें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत येत. फिरंग्यांच्या मुलखांतून आलेलें म्हणून आपले लोक अशा तलवारीला 'फिरंग' म्हणत. पातें परदेशचें असलें तरी मूठ मात्र आपल्या देशच्या कारागिरानें बसविलेली. ती मुल्हेरी घाटाची आहे, आणि तिच्यावर सोन्याची कोफ्तगिरी केलेली आहे. कोफ्तगिरी म्हणजे पोलादावर बारीक खांचा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविण्याची कला. आणि पात्याच्या पाठीवर, जेथें धार नसते त्या जाड कडेवर, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिलें आहे : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. धन्याचें नांव, त्याची पदवी आणि शस्त्राचा प्रकार, तिन्ही गोष्टी एका ओळींत आल्या. मराठ्यांच्या शस्त्रांवर धन्याचें नांव इतक्या स्पष्टपणें सहसा आढळत नाहीं. म्हणूनच या तलवारीचें एवढें महत्त्व. माझ्या हातून गेलेल्या त्या अक्षरांची जागा नेमकी हीच होती, हें येथें सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं.

इतिहासाचे कागद काय सांगतात ? रघूजी हे सेनासाहेब सुभा होते, ही गोष्ट त्या काळच्या पत्रव्यवहारावरून निर्विवाद आहे. म्हणजे अंगावरचा मजकूर आणि इतिहास यांचा मेळ बसतो.

आणि हातांची सांखळी ? येथें मात्र ती तुटते. ही तलवार नागपुराहून विलायतेस कशी गेली, याविषयीं अनुमानें आहेत. सन १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत २६ व २७ तारखांना सीताबर्डीच्या टेंकडीवर इंग्रजांची व अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची लढाई झाली, आणि तींत इंग्रजांचा जय झाला. त्यानंतर भोसल्यांच्या खजिन्यांतील पुष्कळ वस्तु इंग्रजांच्या हातीं गेल्या. त्यांत ही तलवार गेली असावी, किंवा कोणास नजर केली गेली असावी, असें म्हटलें जातें. पुढें तिसरे रघूजी सन १८५३ मध्यें वारल्यावर डलहौसी साहेबानें नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि राजवाड्यांतील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावांत विकलें. तेंहि आपण विसरतां कामा नये. परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. 'गेली असावी' आणि 'गेली' या दोन क्रियापदांतील अंतर ज्याला कळलें, त्याला इतिहासाचा अर्धा अभ्यास साधला.

याच तलवारीविषयीं आणखी एक गोष्ट सांगतों, कारण सत्याचें तोंड एकाच बाजूस नसतें. रघूजींच्या फौजा ज्या पूर्व दिशेस गेल्या, त्याच दिशेस आज आपल्या भंडारा रोड स्थानकावरून हावड्याची गाडी जाते. त्या गाडीनें तुम्ही बंगालच्या एखाद्या खेड्यांत गेलांत, तर तेथल्या आया लेंकरांना निजवितांना 'बर्गी' आल्याचें भय घालीत, असें ऐकाल. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरचे घोडेस्वार. गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें त्याच काळांत 'महाराष्ट्र पुराण' नांवाचें काव्य लिहून त्या स्वाऱ्यांत खेड्यापाड्यांवर आलेल्या संकटाचें वर्णन केलें आहे. उलट, सन १७४४ मध्यें भोसल्यांचा सेनापति भास्करराम कोल्हटकर यास अलिवर्दीखानानें तहाच्या भेटीस बोलावून दग्यानें मारिलें, ही गोष्टहि तितकीच खरी. आपल्या घरची तलवार ज्याच्या दारापुढें गेली, त्याची आठवण आपल्या आठवणीहून वेगळी असते. धन्याचें नांव कळलें म्हणजे अभिमान वाटतो, तो वाटावा. पण नांव कळल्याबरोबर त्या हातानें केलेल्या सर्व गोष्टींचा हिशेबहि आपल्या पदरीं येतो. नांव नसलेल्या तलवारीला पाप नाहीं आणि पुण्यहि नाहीं.

आतां इंग्रज अधिकाऱ्यांच्या तलवारींकडे वळूं. कारण आपल्या शेजारींच, नागपुराजवळ कामठी येथें, सन १८२१ मध्यें इंग्रजांची लष्करी छावणी वसली, आणि तेथील अधिकाऱ्यांच्या तलवारी या प्रांतांत ये-जा करीत राहिल्या. या तलवारींच्या अभ्यासाला एका गोष्टीनें मोठी मदत होते. साध्या शिपायाची तलवार सरकारची असे. तिच्यावर पलटणीची खूण व आंकडा ठोकलेला असे, आणि शिपाई गेला कीं तीच तलवार दुसऱ्याच्या कमरेला लागे. अधिकाऱ्याला मात्र आपली तलवार आपल्या पैशानें विकत घ्यावी लागे. नमुना सरकारनें ठरवून दिलेला, पण वस्तु त्याची स्वतःची. त्यामुळें तिच्यावर तो आपल्या नांवाचीं आद्याक्षरें किंवा कुळाचें चिन्ह हौसेनें कोरून घेई.

समजा, अशी एक तलवार तुमच्या हातीं आली. प्रथम मुठीची जाळी पाहावी. इंग्रज पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठीं सन १८२२ मध्यें जो नमुना ठरला, त्यांत पितळेच्या जाळीमध्यें राज्य करणाऱ्या राजाचें मोनोग्राम, म्हणजे गुंफलेलीं अक्षरें असत. तीं व्हिक्टोरिया राणीचीं असलीं, तर तलवार सन १८३७ ते १९०१ या काळांतील. सातव्या एडवर्डचीं असलीं, तर १९०१ ते १९१० मधील. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींवर पुष्कळदां मुकुट धरलेला सिंह आढळतो. अशा रीतीनें पांच मिनिटांत काळ ठरतो.

नंतर पात्याची पाठ पाहावी. लंडनच्या विल्किन्सन कारखान्यानें सन १८५४ च्या सुमारास एक शिस्त घालून घेतली : उत्तम प्रतीच्या प्रत्येक पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकावयाचा, आणि तोच अनुक्रमांक वहींत लिहून त्यापुढें तारीख, पात्याचा प्रकार, व बहुतेक वेळां घेणाऱ्याचें नांव नोंदवावयाचें. त्या वह्या पुष्कळ अंशीं शिल्लक राहिल्या आहेत. म्हणून दीडशें वर्षांनंतर केवळ चार-पांच आंकड्यांवरून अभ्यासकाला अधिकाऱ्याचें नांव मिळतें. नांव मिळालें कीं तो दरवर्षीं छापल्या जाणाऱ्या लष्करी यादींत तें शोधतो. पलटण कळते, बढत्या कळतात, तो कोठकोठें होता तें कळतें. कधीं त्याचा शेवट कबरस्तानांतील एका दगडावर होतो, आणि बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा तापानें किंवा महामारीनें गेल्याचें त्यावरून समजतें. ती तलवार कोणत्याहि लढाईंत उपसली गेलेली नसते. तलवारी जमविणाऱ्या कित्येक जाणत्या माणसांना अशी साधी, पण धनी सांपडलेली तलवार एखाद्या रत्नजडित पण मुक्या तलवारीहून अधिक प्रिय असते. वहींत एक ओळ लिहून ठेवणाऱ्या त्या कारकुनानें काय केलें, याचा विचार करा. त्याला फक्त हिशेब ठेवावयाचा होता. पण त्यानें शेंकडों माणसांना विस्मृतींतून वांचविलें.

कधीं कधीं एकाच पात्यावर दोन माणसांच्या आयुष्याची कथा असते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाची एक तलवार लंडनमध्यें बॉनम्स लिलावगृहांत २३ मे २०२३ रोजीं सुमारें १ कोटी ४० लक्ष पौंडांस विकली गेली. श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ रोजीं पडलें, तेव्हां ती सुलतानाच्या शयनगृहांत सांपडली होती. हल्ल्याचें नेतृत्व जनरल डेव्हिड बेअर्ड याच्याकडे होतें, म्हणून ती त्याला भेट देण्यांत आली, आणि तसा मजकूर पात्यावर कोरण्यांत आला. हाच बेअर्ड सन १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईंत हैदर व टिपू यांच्या सैन्याच्या हातीं सांपडून श्रीरंगपट्टणांतच साडेतीन वर्षांहून अधिक काळ कैदेंत पडला होता. ज्या शहरांत तो बेड्या घालून राहिला, त्याच शहरावर तो एकोणीस वर्षांनीं चालून गेला. तलवारीच्या अंगावरची साक्ष, लष्कराचे कागद आणि हातांची सांखळी, तिन्ही येथें जुळतात. तिला मिळालेली किंमत सोन्याची किंवा पोलादाची नव्हे, तर साक्षींची होय.

उलट बाजूचें उदाहरणहि आपण पाहिलें पाहिजे. सन २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांतून वाघनखें साताऱ्याच्या संग्रहालयांत कांहीं काळासाठीं आणण्यांत आलीं. तीं कॅप्टन ग्रँट डफ या अधिकाऱ्याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळालीं होतीं. हा डफ सन १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनीचा रेसिडेंट होता, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून त्याचें नांव तुम्हांस ठाऊक असेल. वाघनखांच्या पेटीवर असा मजकूर आहे कीं, हें शिवाजीचें वाघनख असून त्यानें एका मोगल सेनापतीस मारिलें, आणि पेशव्यांच्या प्रधानानें तें डफ यास दिलें. आतां शाळेंतील कोणताहि हुशार मुलगा उठून म्हणेल, "गुरुजी, अफजलखान मोगलांचा नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता!" शाबास. पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला एवढीहि गोष्ट नीट ठाऊक नव्हती. मग त्याच्या बाकीच्या शब्दांवर किती भार टाकावयाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तीं वाघनखें महाराजांचींच, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंहि स्पष्ट सांगितलें आहे. यानें महाराजांचा पराक्रम तिळमात्र कमी होत नाहीं. प्रतापगडची गोष्ट कागदांवर व लोकांच्या हृदयावर पक्की लिहिलेली आहे. तिला पेटीवरच्या चिठ्ठीचा टेंकू लागत नाहीं. खऱ्या माणसावर आपली भक्ति असेल, तर त्याच्या नांवावर खोटी वस्तु खपूं न देणें हेंहि त्या भक्तीचेंच काम होय.

आतां जपणुकीविषयीं. जपानी लोक आपल्या तलवारीच्या पात्याची लखलखी जपण्यांत जगांत अग्रेसर. परंतु मुठीच्या आंत झांकलेला पात्याचा जो शेवटचा भाग असतो, त्यावरील गंज ते कधींहि काढीत नाहींत. घडविणाऱ्या लोहाराचें नांव तेथेंच कोरलेलें असतें, आणि गंजाच्या रंगावरून जाणकाराला पात्याचें वय कळतें. तो गंज घासला कीं तलवारीची किंमत एकदम उतरते. गंज हाहि एक कागदच आहे, हें त्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखलें. मला तें एका म्हाताऱ्याच्या प्रश्नानें शिकविलें.

म्हणून तुमच्या घरीं किंवा नात्यांत जुनी तलवार असेल, तर पुढील गोष्टी ध्यानांत ठेवा. तिला काचकागद, वीट, राख, लिंबू, चिंच यांपैकीं कांहींहि लावूं नका, आणि तिला धार तर मुळींच लावूं नका. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ टिपा, आणि पातळ तेलाचा हात हलकेच फिरवा. उघड्या बोटांनीं पात्यास स्पर्श करूं नका. घामांतील मिठानें गंज चढतो. कातडी म्यान पावसाळ्यांत ओल धरतें, तेव्हां तलवार म्यानांतून काढून निराळी ठेवा. पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, मूठ, आणि कोठें अक्षर किंवा चिन्ह असेल तें, यांचीं उजेडांत छायाचित्रें घ्या. अक्षरें मोडी, फारसी किंवा इंग्रजी असलीं तर अंदाजानें वाचूं नका. तें छायाचित्र जाणत्यास दाखवा. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, सन १८६३ पासून अशाच वस्तूंचा सांभाळ करीत आलें आहे.

कायदाहि माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु सन १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येते. ती परदेशीं नेण्याचा अधिकार खासगी माणसास नाहीं, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. शिवाय तलवार हें शस्त्र आहे. त्याविषयीं सन १९५९ चा शस्त्र कायदा आहे. म्हणून ती मिरवणुकींत नाचवूं नये, मित्रांना दाखविण्यास शाळेंत आणूं नये, आणि घरांतील वडील माणसांनीं पोलीस ठाण्यांत रीतसर चौकशी करावी. भंगारवाल्यास तर ती कधींहि देऊं नये.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विचारा आणि लिहून ठेवा. आजोबा, आजी, आत्या, थोरले काका, जे कोणी हयात असतील, त्यांना विचारा कीं ही कोणाकडून आली, त्यांना कोणी दिली, तिच्याबद्दल काय काय ऐकलें. तें ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहा. आपल्या पदरचें एकहि वाक्य घालूं नका. सांगणाराचें नांव आणि तारीख खालीं घाला. "असें म्हणतात" हें "असें म्हणतात" म्हणूनच लिहा. तलवार नसली तर जुना अडकित्ता, पानदान, फेटा, बैलाच्या गळ्यांतील घंटा, रेल्वेंतील नोकरीचा बिल्ला, कांहींहि चालेल, रीत तीच. येत्या दिवाळीच्या सुटींत प्रत्येकानें एका वस्तूची अशी हकीकत एका पानांत लिहून आणावी. पुढील वर्षाच्या अंकांत त्यांतील चांगल्या हकीकती छापाव्या, अशी संपादकांस माझी विनंति आहे.

मित्रहो, आपल्या वरठी गांवांत पोलादाचा कारखाना आहे. रात्रीं भट्टीचा उजेड आभाळावर पडतो, तो तुम्ही रोज पाहतां. पोलाद आज हवें तेवढें नवें करतां येतें, आणि तें त्या फिरंगेच्या पोलादाहून कमी प्रतीचें खचित नसेल. परंतु एकदां पुसलेलें नांव कोणत्याहि भट्टींतून पुन्हां निघत नाहीं.

त्या आजोबांचें पुढें काय झालें, असें तुम्ही विचाराल. मी त्यांच्या घरीं दोनदां गेलों. त्यांनीं मला चहा दिला, आणि वडिलांकडून ऐकलेलें जेवढें त्यांना आठवत होतें तेवढें सांगितलें. तें सारें दोन पानांहून अधिक भरलें नाहीं. मीं तें जसेंच्या तसें लिहून काढलें, खालीं त्यांचा अंगठा घेतला, तारीख घातली, आणि एक प्रत त्यांच्या नातवाजवळ दिली. त्यांत तलवारीच्या धन्याचें नांव नाहीं. तें माझ्या हातानें गेलें. पण ज्यानें ती साठ वर्षें सांभाळली आणि कोणीतरी वाचील या आशेनें शाळेंत पाठविली, त्याचें नांव आतां तिच्याबरोबर आहे. पुढें कोणी विचारलें, "ही तलवार कोणाची ?" तर त्या घरांत निदान एका माणसाचें उत्तर मिळेल.